वाकवणाऱ्या तापाच्या वाटा

बार्शीचे नाव जगभरच्या विषाणुशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, हे खुद्द बार्शीत फार थोड्यांना ठाऊक असते. भगवंताचे देऊळ, तुरीची बाजारपेठ, एके काळची छोटी रेल्वे, एवढ्यावर गावाची ओळख संपते. पण भारतातल्या चिकुनगुन्यावरचा शोधनिबंध उघडला की पहिल्या पानावर ‘बार्शी, १९७३’ ही नोंद बहुधा भेटतेच. त्या वर्षी गावात झालेल्या पाहणीत ३७.५ टक्के लोकांना या आजाराने गाठलेले आढळले. पाच माणसांच्या घरात दोघे अंथरुणाला, असा त्याचा अर्थ. त्यानंतर हा विषाणू देशातून असा दिसेनासा झाला, की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संचालकपद भूषवलेल्या डॉ. खुर्शीद पावरी यांनी १९८६ साली त्याच्या नाहीसे होण्यावरच एक लेख लिहिला. आजार आल्यावर लिहिणारे पुष्कळ असतात. तो गेला कुठे, असे विचारणारे विरळा.

२००५ च्या अखेरीस तो परत आला. आंध्र, कर्नाटक, आपल्याकडे मालेगाव, मग मराठवाडा, विदर्भ, गुजरात. २००६ या एका वर्षात १५१ जिल्ह्यांतून सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. बार्शीच्या साथीत जन्मलेले मूल तेव्हा तेहेतीस वर्षांचे झाले होते. त्याच्यानंतर जन्मलेल्यांच्या रक्ताला या विषाणूची ओळख नव्हती, आणि त्यांच्यापैकी जे डॉक्टर झाले होते त्यांनीही हा आजार डोळ्यांनी पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला होता ते निवृत्त झाले होते.

हे दुहेरी विस्मरण या लेखसंग्रहाचा खरा विषय आहे, असे मला हस्तलिखित वाचताना वाटत गेले. संपादकांनी तसे कुठे म्हटलेले नाही. प्रस्तावनाकाराला एवढी मुभा असते, ती मी घेतो.

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली. त्यामुळे या विषयाशी माझी पहिली ओळख वर्गात झाली, पण खरी ओळख २००६ च्या पावसाळ्यात घरात झाली. आईला सकाळी उठून तांब्या उचलता येईना. बोटे मिटत नव्हती, घोटे सुजले होते, भिंत धरून वाकत वाकत ती मोरीपर्यंत जायची. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘व्हायरल फीवर’ लिहिले. ताप तीन दिवसांत उतरला. सांधे दिवाळीपर्यंत धरलेलेच होते. “पाहुणा गेला, पण सामान ठेवून गेला,” असे ती म्हणायची. तिची संशयित म्हणूनही कुठे नोंद झाली नाही, म्हणजे त्या १३ लाख ९० हजारांत ती नाही. आमच्या आळीतले आणखी किमान वीसजण नाहीत.

‘चिकुनगुन्या’ हा शब्द आफ्रिकेतल्या मकोंडे लोकांच्या भाषेतला. वाकवणारा, पिळवटून टाकणारा, असा त्याचा भाव आहे. तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, मकोंडे पठारावर १९५२-५३ साली मोठी साथ आली आणि १९५३ मध्ये विषाणू वेगळा काढला गेला. आपल्याकडे मात्र हा शब्द आला तो मोठ्या अवघड वेळी. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला होता, कोंबड्या लाखांनी मारल्या जात होत्या, आणि त्याच सुमारास ‘चिकनगुनिया’ कानांवर पडू लागला. लोकांनी दोन आणि दोन चार केले आणि कोंबडी सोडली. रांजण तसाच राहिला.

आजार मात्र नावापेक्षा जुना असावा. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डेव्हिड बायलॉन नावाच्या डॉक्टराने १७७९ साली सांधे धरणाऱ्या तापाचे वर्णन करून ठेवले आहे. ते दीर्घकाळ डेंग्यूचे मानले गेले. डोनाल्ड केरी यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की त्यातली लक्षणे चिकुनगुन्याशी जास्त जुळतात. दोन्ही ताप एकाच डासामुळे पसरतात, एकाच मोसमात येतात आणि पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात. गफलत तेव्हाची, आणि आजचीही.

आता त्या डासाविषयी. एडिस इजिप्ती हा अस्सल घरकोंबडा. काळ्या अंगावर पांढरे पट्टे. चावतो दिवसा, त्यातही सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी. गटार त्याला चालत नाही. त्याला साठवलेले, स्वच्छ, कोणी हलवत नाही असे पाणी हवे: रांजण, हौद, पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवर टाकलेला टायर. मादी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवते. पाणी आटले तरी ती अंडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की अळ्या वळवळू लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, आणि नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे कडेपर्यंत घासावे लागते.

ही मादी आयुष्यभरात बहुधा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. चार-सहा घरे, एखादा वाडा, एक गल्ली. मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हिंदी महासागरातल्या बेटांवर आणि पुढे भारतात तो विषाणू नेला कोणी? माणसांनी. ज्याच्या रक्तात विषाणू आहे असा माणूस बसने, बोटीने, विमानाने हिंडतो. डास फक्त जागोजागी त्याची वाट पाहत असतो. साथ पसरते ती या दोन प्रवासांतून: एक शंभर मीटरचा, एक हजारो किलोमीटरचा. पहिल्याचा अभ्यास कीटकशास्त्रज्ञांनी केला, दुसऱ्याचा कोणी करायचा हे बराच काळ ठरत नव्हते.

या क्षेत्राचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेकजण रोनाल्ड रॉसपासून करतात, आणि ते योग्यच आहे, जरी त्याचा आजार हिवताप होता आणि त्याचा डास वेगळा. अल्मोड्यात जन्मलेल्या या लष्करी डॉक्टराने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. त्याच्या सोळा वर्षे आधी, १८८१ मध्ये, हवानात कार्लोस फिन्ले यांनी पीतज्वर डासामुळे पसरतो असे सांगितले होते आणि त्यांना वीस वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. तो डास एडिस इजिप्तीच होता. पण रॉसचे मोठेपण मला त्या सूक्ष्मदर्शकाखालच्या क्षणापेक्षा नंतरच्या कामात दिसते. डास मारा म्हणजे हिवताप जाईल, हे त्याचे म्हणणे ऐकून लोक विचारत, की सगळे डास कसे मरतील? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ पासून तसा प्रयत्न झाला आणि तो फसला असे जाहीर झाले. रॉसने मग पेन्सिल उचलली. मॉरिशसच्या अहवालात आणि १९११ च्या पुस्तकात त्याने गणित मांडून दाखवले, की सगळे डास मारायची गरजच नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की एका रुग्णापासून एकापेक्षा कमी नवे रुग्ण तयार होतात, आणि आजार आपल्या वजनानेच बसतो.

साथीचे गणित म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारत तेव्हा मी या एकाच कल्पनेवर पूर्ण तास घेत असे. पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया तोच आहे.

दुसरा मजला मुंबईच्या आकड्यांवर चढला, हे सांगताना मला नेहमीच थोडा अभिमान आणि थोडी खंत वाटते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा निबंध आज जगभर शिकवला जातो. करोनाच्या काळात टीव्हीवर जे चढउताराचे आलेख दिसत, त्यांचे कूळ तिथे आहे. मॅकेंड्रिक हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत होता, रॉसच्या सहवासात गणिताकडे वळला. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ; प्रयोगशाळेतल्या अपघातात १९२४ साली त्याची दृष्टी गेली होती. त्यांनी आपले सूत्र पडताळले ते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मुंबईतल्या प्लेगच्या आठवडावार मृत्यूंवर. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की सगळ्यांना आजार होऊन संपला म्हणून साथ थांबते असे नाही. आजार होऊ शकेल अशी माणसे एका मर्यादेखाली विरळ झाली की ती थांबते, आणि काही माणसे न बाधता शिल्लक राहतात. ‘जंगलातली झाडे विरळ झाली की वणवा विझतो’ असे मी वर्गात म्हणे. मात्र प्लेग उंदीर आणि पिसवांच्या आधारे पसरतो, त्याला मोसम असतो, आणि सूत्रात उंदीर नव्हते, पिसवा नव्हत्या, मोसम नव्हता. तरी रेघ आकड्यांवरून सुंदर गेली. आकृती जुळली म्हणजे कारण जुळले असे नसते, हा धडाही त्याच पानावर आहे. तो मात्र कमी शिकवला जातो.

जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात रॉसचे गणित पुढे नेले आणि एक अनपेक्षित गोष्ट काढली: डासांच्या संख्येपेक्षा डासाचे आयुष्य महत्त्वाचे. डासाने बाधित रक्त प्यायल्यावर विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला काही दिवस लागतात. उष्ण हवेत कमी, थंडीत जास्त. तेवढे दिवस जगलेली मादीच आजार पुढे देऊ शकते. समजा, रोज शंभरातल्या नव्वद माद्या जगतात आणि विषाणूला दहा दिवस लागतात. दहाव्या दिवशी ३५ उरतील. रोज नव्वदऐवजी ऐंशी जगल्या तर? उरतील ११. रोजच्या जगण्यात दहाचा फरक, आणि धोक्याच्या माद्या एक तृतीयांश. म्हणूनच म्हाताऱ्या माद्या मारणारी घरातली फवारणी हिवतापात गुणकारी ठरली. रस्त्यावरून जाणाऱ्या धुराच्या गाडीचे तसे नाही. एडिसची मादी कपाटामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसलेली असते. आमच्या आळीत गाडी यायची तेव्हा लोक खिडक्या लावून घेत. पोरे धुरामागे पळत आणि डास घरात सुखरूप.

डास संपवूनच टाकू म्हणणाऱ्यांचा एक वेगळा संप्रदाय झाला. त्याचे आद्यपुरुष हवाना आणि पनामात पीतज्वर आवरणारे गॉर्गस, आणि त्याचे महंत फ्रेड सोपर. हा अमेरिकी माणूस ब्राझीलमध्ये घरोघर निरीक्षक पाठवी, प्रत्येक भांड्याची नोंद ठेवी आणि निरीक्षकावर निरीक्षक नेमी. त्याच्या पद्धतीत हुकूमशाहीचा वास होता हे खरे, पण १९४७ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी एडिस इजिप्तीच्या उच्चाटनाचा ठराव केला आणि १९६२ पर्यंत १८ देश त्या डासापासून मुक्त जाहीर झाले. डीडीटीचा वाटा होताच. मग काय झाले? रोग दिसेना, तेव्हा पैसा आटला. निरीक्षक दुसऱ्या कामाला लागले. काही वर्षांत डास परतला आणि त्याच्यामागून डेंग्यू. बार्शीचीच गोष्ट, खंडभर मोठी.

आपल्याकडे या विद्येचे घर पुण्यात आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९५२ मध्ये सुरू झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. कलकत्ता १९६३, मद्रास १९६४, नागपूर १९६५, बार्शी १९७३ या साथींच्या वेळी गोळा झालेले विषाणू जपून ठेवले गेले, म्हणून २००६ मध्ये एक मोठा प्रश्न सुटू शकला: जुनाच विषाणू परतला, की नवा आला? जनुकांची तुलना केल्यावर दिसले, की जुन्या साथी आशियाई वंशाच्या विषाणूच्या होत्या आणि २००६ चा विषाणू आफ्रिकी वंशाचा. इथवर गोष्ट सरळ आहे. पण पुणे जिल्ह्यात यवतला २००० साली एडिस इजिप्ती डासातून मिळालेला विषाणू तपासला, तर तोही आफ्रिकी वंशाचा निघाला. साथीच्या पाच वर्षे आधी तो सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात हजर होता! हजर असणे आणि साथ होणे यांत अंतर असते, आणि ते अंतर कशाने भरते हे शोधणे म्हणजेच साथरोगशास्त्र.

त्या काळातली सर्वांत बोलकी कहाणी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाची. लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या वर. २००५ मध्ये चिकुनगुन्या तिथे पोहोचला, तिकडच्या हिवाळ्यात मंदावला, संपला असे वाटले, आणि २००६ च्या सुरुवातीला असा उसळला की फेब्रुवारीत एका आठवड्यात ४५ हजारांवर नवे रुग्ण झाले. एकूण सुमारे २ लाख ६६ हजार, म्हणजे तीन माणसांमागे एक. त्या बेटावर एडिस इजिप्ती फारसा नाही. तिथे आहे त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, बागबगीच्यांत राहणारा, ज्याला टायगर डास म्हणतात. विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात २२६ व्या जागी एक घटक बदलला होता, आणि तेवढ्या बदलाने तो या दुसऱ्या डासात कितीतरी सहज वाढू लागला. केरळात रबराच्या मळ्यांत हाच डास. तिथे २००७ मध्ये हाच बदललेला विषाणू मिळाला. त्याच उन्हाळ्यात केरळहून इटलीतल्या नातेवाइकांकडे गेलेल्या एका प्रवाशामुळे कास्तिल्योने दी चेर्विया या खेड्यात दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. टायगर डास तिकडे आधीच पोहोचला होता. जुन्या टायरांच्या व्यापारातून त्याची सुकलेली अंडी जगभर फिरली. अमेरिकेत ह्यूस्टनला १९८५ साली तो असाच सापडला. मालाची वाट डासाने घेतली, माणसांची वाट विषाणूने. गाठ खेड्यातल्या परसात पडली.

माणसांच्या हालचाली मोजणारे अलीकडचे काम मला सगळ्यांत मोलाचे वाटते. पेरूमधल्या इकितोस शहरात थॉमस स्कॉट, स्टीव्हन स्टोडार्ड आणि सहकाऱ्यांनी लोक दिवसभरात कोणाच्या घरी जातात हे नोंदवले आणि २०१३ मध्ये दाखवले, की डेंग्यूची लागण शेजाराच्या अंतरापेक्षा नात्यागोत्याच्या घरांवर जास्त अवलंबून असते. दिवसा चावणाऱ्या डासाच्या बाबतीत आपण रात्री कुठे झोपतो यापेक्षा दुपारी कुठे बसतो हे महत्त्वाचे. आजोळ, मावशीचे घर, शिकवणी, देवळाची ओसरी. थायलंडमध्ये तर गंभीर डेंग्यूची लाट बँकॉकपासून महिन्याला सुमारे १४८ किलोमीटर वेगाने बाहेर पसरते, असे डेरेक कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले. डास इतका वेगाने कधीच जात नाही.

आणि पाणी. पाऊस जास्त म्हणजे डास जास्त, हे समीकरण आपण शाळेपासून ऐकतो. पण २००४ मध्ये ज्या लामू बेटावरून ही अलीकडची जागतिक साथ सुरू झाली, त्या केनियाच्या किनाऱ्यावर तेव्हा अवर्षण होते. लोकांनी पाणी साठवले, साठ्यात डास वाढले, आणि बेटावरच्या चौघांपैकी तिघांना बाधा झाल्याचे नंतर रक्ततपासणीत दिसले. बार्शीचे १९७३ हे वर्षही १९७२ च्या दुष्काळाच्या सावलीतलेच. ज्या घरात आठ दिवसांनी नळ येतो, त्या घराला ‘आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करा’ असे सांगायचे, यातला क्रूर विनोद सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही. या पुस्तकातला आशा कार्यकर्तीचा लेख तिथेच बोट ठेवतो. माझ्या मते तो संग्रहातला सर्वांत चांगला लेख आहे. त्यात एकही सूत्र नाही.

डेंग्यूची चाल वेगळी आहे आणि दोन्हींची तुलना केल्याशिवाय एकही नीट कळत नाही. चिकुनगुन्या झालेल्या बहुतेकांना लक्षणे दिसतात, आणि एकदा झाला की संरक्षण दीर्घकाळ राहते; म्हणून तो भडकतो, विझतो आणि वर्षानुवर्षे गप्प बसतो. डेंग्यूचे प्रकार चार. २०१३ मधल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला ३९ कोटी लोकांना त्याची बाधा होते, आणि त्यातल्या फक्त ९ कोटी ६० लाखांत आजार दिसतो. बाकीचे न कळत विषाणू घेऊन हिंडतात. शिवाय एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या वेळी मदतीऐवजी घात करू शकतात, हे स्कॉट हॉल्स्टेड यांचे म्हणणे. ते दीर्घकाळ वादात राहिले, पण फिलिपीन्समध्ये आठ लाखांवर मुलांना डेंग्यूची लस दिल्यानंतर, २०१७ मध्ये, ती बनवणाऱ्या कंपनीलाच सांगावे लागले की आधी डेंग्यू न झालेल्यांना तिच्यामुळे धोका वाढू शकतो. समाजातल्या किती जणांना आधी काय होऊन गेले आहे, हे माहीत नसले की औषधही आंधळे होते.

याच कारणासाठी २०१७-१८ मध्ये देशभरातल्या रक्तनमुन्यांवर झालेले सर्वेक्षण मला मोलाचे वाटते. डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा ४८.७ टक्के लोकांत सापडल्या, चिकुनगुन्याच्या १८.१ टक्क्यांत. म्हणजे तेव्हा देशातल्या पाचांपैकी चारांना चिकुनगुन्या अजून व्हायचा होता. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात आणि नागपुरात जे दिसले ते त्या आकड्यात आधीच लिहिलेले होते. २०२५ मध्ये रियुनियनवर पुन्हा मोठी साथ आली, वीस वर्षांनी. दक्षिण चीनमधल्या फोशान शहरात हजारो लोक आजारी पडले. चिकुनगुन्याची पहिली लस अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये संमत झाली आणि वृद्धांमधल्या गंभीर दुष्परिणामांनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा परवाना तिथे स्थगित झाला. योग्यकार्तात वोल्बाकिया नावाचा जिवाणू घातलेले डास सोडल्यावर डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला. पुदुच्चेरीतल्या एका संशोधन संस्थेनेही तसे डास तयार केले आहेत. आशा ठेवायला जागा आहे. घाईने आनंद मानायला नाही. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला २०२१ मध्ये झिका सापडला तेव्हा कळले, की त्याच घरकोंबड्या डासाकडे आणखीही पाहुणे उतरू शकतात.

हे पुस्तक डॉक्टरांसाठी नाही आणि डॉक्टरांना वगळूनही नाही. डासाच्या सवयी, साथीचे गणित, जुन्या नोंदी, पाणीपुरवठा आणि दुखरे सांधे घेऊन कामावर जाणारी माणसे एकाच ठिकाणी आणावीत, आणि गावातल्या ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या माणसाला ती समजावीत, एवढाच त्याचा आग्रह. मराठीत डेंग्यू-चिकुनगुन्यावरच्या पुस्तिका आहेत. त्यांत काय करा आणि काय करू नका असते. का, हे क्वचित असते. इथे ‘का’ला जागा मिळाली आहे. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत लेखकांनी सोवळे पाळले नाही, याबद्दल त्यांचे आभार. जिल्हा हिवताप कार्यालयात जे शब्द बोलले जातात तेच पुस्तकात आहेत.

एक तक्रार मात्र मी संपादकांकडे केली होती आणि ती छापायला त्यांनी हरकत घेतली नाही. मृत्यूंविषयी हा संग्रह फार कमी बोलतो. चिकुनगुन्याने माणूस मरत नाही, असे २००६ मध्ये अधिकृतपणे सांगितले गेले. देशाच्या नोंदीत त्या साथीचा एकही मृत्यू नव्हता. दिलीप मावळंकर आणि सहकाऱ्यांनी अहमदाबादची जन्ममृत्यूची वही तपासली. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या चार महिन्यांत तिथे आधीच्या वर्षांच्या मानाने २,९४४ मृत्यू जास्त झाले होते. वही सगळ्यांसाठी उघडी होती. बेरीज करायला कोणी बसले नव्हते, इतकेच. यावर स्वतंत्र लेख हवा होता. दुसऱ्या आवृत्तीत तो यावा.

संपादकांनी माझ्या सूचनेवरून पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पाने ठेवली आहेत. ती शोभेसाठी नाहीत. तुमच्या घरात, आळीत कोणाला असा ताप आला होता, कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, सांधे किती दिवस धरले होते, तेव्हा नळ किती दिवसांनी येत असे, हे घरातल्या मोठ्यांना विचारून तिथे लिहा. अंदाजाने चालेल. फक्त तारीख घाला आणि गावाचे नाव लिहायला विसरू नका. माझ्या प्रतीत पहिली नोंद झाली आहे: आई, ऑगस्ट २००६, उजवा हात, दिवाळीपर्यंत.